रात्री साडेबाराचा अभ्यास: ॲप ‘तास’ मोजतं म्हणजे नेमकं काय मोजतं?

रविवारी सकाळी वहिनीचा फोन. “भावजी, तुम्ही जरा ह्याच्याशी बोला. हा रात्री साडेबाराला मोबाइल घेऊन बसतो.”

हा म्हणजे माझा पुतण्या. नववीत आहे, घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्यात. शाळेने यंदा गणित-विज्ञानासाठी एक ॲप घ्यायला लावलंय आणि ते ॲप दर रविवारी पालकांना रिपोर्ट पाठवतं. वहिनीने त्याचा फोटो मला पाठवला. पाच दिवस ओळीने रात्री १२:३० ते १:१५ अभ्यास. शिवाय रोज दुपारी २ वाजता अर्धा तास. आता दुपारी दोनला तो शाळेतून येऊन हुमण-भात जेवत असतो आणि वाढायला वहिनी स्वतः समोर असते. उलट रोज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हा उठून सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, अभ्यासाला बसतो, सहा ते पावणेसात, हे शेजाऱ्यांनाही माहीत आहे. त्या पाऊण तासाचा रिपोर्टात पत्ताच नाही.

मुलगा म्हणतो, मी झोपलो होतो. रिपोर्ट म्हणतो, जागा होता. वहिनीचा विश्वास रिपोर्टावर, कारण तो कॉम्प्युटरने काढलेला.

मी पोटासाठी असलीच सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा घोळ मला लगेच कळला. तो काय होता ते पुढे येईलच. पण त्यानंतर ओळखीतल्या आणखी तीन-चार पालकांशी बोललो, तेव्हा लक्षात आलं की हा आकडा येतो कुठून, हे कोणीच कोणाला सांगितलेलं नाही. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू होऊ लागलं. वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यापासून घरोघरी हे रिपोर्ट यायला लागतात आणि त्यांवरून वादही.

ॲपला वेळ दिसत नाही, खुणा दिसतात

मुलाकडे बघत, हातात घड्याळ घेऊन ॲपमध्ये कोणी बसलेलं नसतं. ॲपला कळतात त्या फक्त घटना. ॲप उघडलं, धड्यावर बोट लागलं, उत्तर पाठवलं. प्रत्येक घटनेपुढे तिची वेळ लिहिली जाते. या यादीला लॉग म्हणतात. आपण तिला नोंदवही म्हणू.

मिरामारच्या ओल्या वाळूत पावलं उमटलेली असतात, तसंच हे. माणूस इथून तिथे गेला हे पावलांवरून सांगता येतं. मधे तो समुद्राकडे बघत किती वेळ उभा होता, हे वाळूला ठाऊक नसतं. ते आपण अंदाजाने ठरवायचं. ॲपही तेच करतं, फक्त त्या अंदाजाला मिनिटं आणि सेकंद लावून दाखवतं, त्यामुळे तो मोजलेला वाटतो.

एका संध्याकाळचा हिशोब मांडून बघू. मुलाने ७:०० ला ॲप उघडलं. ७:०४ ला व्हिडिओ लावला. ७:२१ ला एका प्रश्नाचं उत्तर दिलं. ७:५० ला पुढचा धडा उघडला. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. दोन खुणांमधल्या फटी अनुक्रमे ४, १७ आणि २९ मिनिटांच्या.

आता अभ्यास किती झाला? इथे ॲप बनवणाऱ्याला एक मर्यादा ठरवावी लागते: इतकी मिनिटं काहीच हालचाल झाली नाही तर मूल उठून गेलं असं धरायचं. या मर्यादेला टाइमआउट म्हणतात. ती ३० मिनिटं ठेवली, तर तिन्ही फटी अभ्यासात धरल्या जातात आणि उत्तर येतं ५० मिनिटं. ती २० ठेवली तर २९ची फट गळते, उत्तर २१ मिनिटं. १० ठेवली तर फक्त ४ मिनिटं. काही जण मोठी फट पूर्ण टाकत नाहीत, मर्यादेएवढी धरतात. तसं केलं तर ४ अधिक १० अधिक १०, म्हणजे २४ मिनिटं.

मूल तेच, संध्याकाळ तीच, आणि उत्तरं ५०, २१, ४, २४. यातलं एकही खोटं नाही. ७:५० ला उघडलेला शेवटचा धडा त्याने सव्वाआठपर्यंत मन लावून वाचला असेल, तरी त्यानंतर पुढची खूण नाही म्हणून त्याला बहुतेक पद्धतींत शून्य मिनिटं मिळतात.

हे काही एखाद्या फालतू ॲपचं दुखणं नाही. वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गूगल ॲनॅलिटिक्समध्ये हीच मर्यादा मुळात ३० मिनिटांची असते, आणि ती बदलताही येते. जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरलं जाणारं मूडल हे ऑनलाइन शिकवायचं सॉफ्टवेअर, जे ऑस्ट्रेलियात पर्थला मार्टिन डुगियामास यांनी तयार केलं आणि २००२ मध्ये बाहेर आणलं, तेही मुळात घटनांचीच नोंदवही ठेवतं. तास काढायचे ते त्या खुणांवरून, नंतर. व्हितोमिर कोव्हानोविच हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. तीच नोंदवही घेतली आणि वेळ काढायच्या वेगवेगळ्या पद्धती तिला लावल्या. नुसते तास बदलले नाहीत. वेळेचा आणि शिकण्याचा संबंध काय, या प्रश्नाचे निष्कर्षच बदलले.

घटिकापात्र

वरच्या हिशोबात २४ मिनिटं आली, ती योगायोगाने बरोब्बर एक घटका. लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवायचे: तांब्याची छोटी वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्यात सोडली की २४ मिनिटांत भरून बुडते. ती बुडाली की उचलून परत सोडायची आणि एक घटका मोजायची. म्हणजे तिच्याजवळ कोणीतरी जागं बसलेलं असावं लागतं.

नवी ॲप याच चालीने जातात. खुणांची वाट न बघता दर काही सेकंदांनी ती स्वतःच विचारतात: स्क्रीन चालू आहे का? आपलंच पान समोर आहे का, की मुलगा दुसऱ्या ॲपवर गेला? बोट लागलं का? हो असेल तर तेवढे सेकंद जमा. या बारक्या इशाऱ्याला हार्टबीट म्हणतात. फटींचा अंदाज बांधण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. पण वाटीजवळ जागं कोण बसलंय, हा प्रश्न उरतोच. स्क्रीन चालू आहे हे यंत्राला कळतं, समोर मुलगा आहे की नाही हे कळत नाही. व्हिडिओ तर बोट न लावता चालतो. चवथीच्या आधी आमच्या ह्याने एक संध्याकाळ व्हिडिओ लावून ठेवला आणि गावच्या नाटकाच्या तालमीला निघून गेला. त्या दिवशीचा अभ्यास: २ तास ४० मिनिटं.

मला मात्र याच्या उलटी चूक जास्त खुपते. गणित वहीत करायचं असतं. प्रश्न स्क्रीनवर वाचला, फोन बाजूला ठेवला, वीस मिनिटं कागदावर झटापट केली. मधे स्क्रीन विझली, इशारे थांबले. ॲपच्या लेखी तो पोरगा वीस मिनिटं गायब. त्या दिवसातला सगळ्यात खरा अभ्यास तोच होता आणि नोंदला न गेलेलाही तोच. व्हिडिओ बघणाऱ्याला पूर्ण वेळ आणि गणित सोडवणाऱ्याला शून्य, असा न्याय करणाऱ्या आकड्यावरून मुलांची तुलना होते, तेव्हा मला बनवणाऱ्यांची, म्हणजे माझ्याच जातभाईंची, लाज वाटते.

रात्री साडेबाराचं कोडं, रेंज आणि एकच फोन

आता वहिनीचा रिपोर्ट. ॲपची नोंदवही असते सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. जगभरची मुलं एकाच वहीत लिहायची म्हणून त्या कॉम्प्युटरचं घड्याळ सहसा जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतात. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. रिपोर्ट काढताना हे साडेपाच तास मिळवायचे असतात. इथे कोणीतरी ते विसरलं होतं. सकाळचे सहा वजा साडेपाच तास, म्हणजे रात्रीचे साडेबारा. संध्याकाळचे साडेसात वजा साडेपाच, म्हणजे दुपारचे दोन. पोरगा सोप्यावर सहालाच बसत होता.

याच चुकीचा दुसरा काटा तर दिसतही नाही. प्रमाणवेळेची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. परीक्षेच्या दिवसांत कोणी पाचला उठून अर्धा तास वाचलं, तर तो अर्धा तास आदल्या दिवसात जमा. “काल केला, आज नाही केला” अशी जी लाल-हिरवी चौकट दिसते, ती अशी चुकू शकते.

दुसरा घोळ रेंजचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती, हे आपण विसरलो नसू. आजही कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, खाली उतरलं की फोनवरच्या दांड्या गळतात, आणि पावसात लाइट गेली की वायफायही जातं. त्यावर उपाय म्हणून ॲप धडे फोनमध्ये उतरवून ठेवू देतात. मग खुणाही फोनमध्येच साठतात आणि रेंज मिळाली की एकदम वर पाठवल्या जातात. याला सिंक म्हणतात. खूण कधी झाली ती वेळ धरली तर ठीक. ती वर कधी पोचली ती वेळ धरली, तर सोमवार ते गुरुवारचा अभ्यास शुक्रवारी फोंड्याच्या बसस्टँडवर एका मिनिटात झालेला दिसतो.

तिसरा, एका फोनवर दोघं. यंत्रं वाटण्यात गोवा मागे नव्हता. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले, पुढे त्याहून लहान मुलांना टॅबलेट. तरी शाळेच्या ॲपसाठी बऱ्याच घरांत आईचाच फोन फिरतो. थोरली तिचं झाल्यावर लॉगआउट करत नाही, धाकटा तिच्याच नावावर खेळत-शिकत बसतो. तिचे तास वाढतात, याचे दिसत नाहीत, आणि पालकसभेत बोलणी कोण खातं ते सांगायला नको.

एवढा चुकतो, तर मोजायचाच कशाला?

हा प्रश्न वहिनीने विचारलाच. रागाने विचारला, पण प्रश्न बरोबर आहे.

उपयोग आहे. फक्त तो एकेका मुलापेक्षा वर्गाकडे बघताना जास्त आहे. समजा ३८ मुलांच्या वर्गात एरवी एकेका उदाहरणाला तीन-चार मिनिटं लागतात आणि रेषीय समीकरणांच्या पाचव्या उदाहरणावर ३० मुलं पंधरा-पंधरा मिनिटं अडकली. यात कोणाचा नेमका आकडा दोन-चार मिनिटांनी चुकला तरी काही बिघडत नाही. गोष्ट स्पष्ट आहे: एकतर उदाहरण चुकीचं छापलंय, नाहीतर त्याआधीचा भाग शिकवताना काहीतरी निसटलंय. चांगल्या शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचं ते यावरून कळतं. पूर्वी हे तिला वह्या तपासताना, आठवड्याने कळायचं.

एकेका मुलाबाबतीत आकड्यापेक्षा बदल बघावा. रोज अर्धा तास दिसणारं मूल अचानक दहा दिवस दिसेनासं झालं, तर विचारपूस करायला हरकत नाही. कदाचित घरात आजारपण असेल, कदाचित फोन पडून फुटला असेल. आकडा दार ठोठवायचं निमित्त देतो. आत काय आहे ते विचारावंच लागतं.

कॉलेजवाल्यांचा गोंधळ निराळा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत, २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात, एका क्रेडिटला, म्हणजे श्रेयांकाला, शिकण्याचे ३० तास धरलेत. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. गोव्यातल्या कॉलेजांत नवी रचना २०२३-२४ पासून आली. त्यामुळे काही मुलांना वाटतं की ॲपवर ३० तास भरले की एक क्रेडिट खिशात. तसं नाही. हे तास मानीव आहेत. साधारण विद्यार्थ्याला वर्ग, गृहपाठ, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं धरून एवढा वेळ लागेल, असं मानून अभ्यासक्रम तेवढ्या वजनाचा आखायचा. स्टॉपवॉच लावून ते कोणी मोजत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर कोर्स केला, तरी क्रेडिट मिळतं ते गृहपाठ आणि देखरेखीखालची परीक्षा दिल्यावर. आपल्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिष्टावो’ उपक्रमात गोव्यातल्याच प्राध्यापकांचे व्हिडिओ आहेत, ते जरूर बघा. पण बघितल्याचे तास हे कुठल्याही गुणपत्रिकेत उतरत नाहीत.

“पण जास्त तास बसला तर जास्त शिकणारच की!”

हे म्हणणं पूर्ण चूक नाही. जॉन कॅरोल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ते नीट मांडलं होतं. त्याच्या मते शिकणं हा एक अपूर्णांक आहे: वर, प्रत्यक्ष दिलेला वेळ, खाली, त्या मुलाला त्या गोष्टीसाठी लागणारा वेळ. सगळी ॲप वरचा आकडा मोजतात. खालचा कोणालाच माहीत नसतो, आणि तो मुलागणिक, धड्यागणिक, शिकवण्याच्या पद्धतीगणिक बदलतो. एकीला दोन तास लागणार होते आणि तिने दोन तास दिले: काम झालं. दुसऱ्याला पाच तास लागणार होते आणि त्याने तीन दिले: रिपोर्टात तो पुढे, प्रत्यक्षात अर्ध्या वाटेवर.

शिवाय वेळ तोच देऊनही फरक पडतो. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग एका वेळी तो परत वाचायचा, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ न बघता, आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं: परत वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. घड्याळाने दोन्हींना सारखीच मिनिटं दिली असती.

आपल्या माडांवर नारळ काढायला पाडेली चढतो, त्याला आपण माडांच्या हिशोबाने पैसे देतो. शेंड्यावर किती वेळ बसला होता, हे कोणी विचारत नाही.

ट्रिपांचा हिशोब

तरी मोजलं तर मुलाला हुरूप येतो ना, असं शाळा म्हणतात. येतो. पहिले काही आठवडे.

डिचोली-साखळीच्या माणसाला मी हे वेगळं समजवायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांचा हिशोब ट्रिपांवर होता. जितक्या ट्रिपा तितके पैसे. मालकाला हवा होता माल पोचलेला. मोजली जात होती ट्रिप. मग रस्त्यावर काय झालं, ट्रक कसे धावायचे, शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला कशी अंग चोरून उभी राहायची, हे त्या पट्ट्यातल्या घराघरात ठाऊक आहे. जे मोजलं जातं त्याच्याच मागे माणूस धावतो. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल हेच म्हटलं होतं, आणि आता त्याला गुडहार्टचा नियम म्हणतात: आकड्यावर नियंत्रणाचा भार टाकला की तो आकडा भरवशाचा राहत नाही.

ॲपमध्ये याचं रूप म्हणजे सलग दिवसांची माळ. सात दिवस रोज उघडलं की बिल्ला, तीस दिवस उघडलं की मोठा बिल्ला. मीही एकदा असा बिल्ला बनवलाय. पंधरा दिवसांत नोंदवहीत एक विचित्र गर्दी दिसू लागली: रात्री ११:५० नंतर ॲप उघडायचं, एक सोपा प्रश्न सोडवायचा आणि बंद करायचं. माळ तुटली नाही, अभ्यास झाला नाही. आम्ही कंपनीच्या सादरीकरणात ‘रोज वापर वाढला’ असं लिहिलं, आणि ते खरंच होतं.

शाळेला, कंपनीला एवढं सगळं दिसायला हवं का?

“आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” असं बऱ्याच घरांतून ऐकतो. पण या नोंदवहीतून अभ्यासापलीकडचं पुष्कळ कळतं. मूल कधी उठतं, कधी झोपतं, घरी कधी नसतं, कुठल्या विषयाला टाळतं. वरच्या गोष्टीत तर ते न कळताही कळल्यासारखं वाटलं आणि एका पोराने फुकट बोलणी खाल्ली.

कायदा या बाबतीत आता जागा झालाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरलेत. त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

यात एक खिडकी उघडी ठेवलीय, ती पालकांनी लक्षात घ्यावी. शैक्षणिक संस्थांना मर्यादित सूट आहे: त्यांच्या शैक्षणिक कामापुरता आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असा मागोवा त्या घेऊ शकतात. मर्यादा ‘कामापुरता’ या शब्दाची. धडा कुठे अडला हे बघणं शैक्षणिक काम झालं. त्याच नोंदी वापरून दहावीनंतरच्या क्लासची जाहिरात पालकांच्या फोनवर येणं, हे नव्हे. म्हणून शाळेत विचारायचं ते एवढंच: या नोंदी शाळेबाहेर कोणाकोणाला दिसतात, मूल शाळा सोडून गेल्यावर त्या पुसतात का, आणि मुलाला स्वतःचा रिपोर्ट बघता येतो का. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

मग घरी काय करायचं?

आधी सेटिंगमध्ये टाइम झोन, म्हणजे ॲप कुठल्या देशाची वेळ धरतं ते, बघा. गंमत नाही, खरंच बघा. एका फोनवर दोन मुलं असतील तर दोघांची खाती वेगळी करा. व्हिडिओ आपोआप पुढे जायची सोय बंद करा, म्हणजे निदान तालमीला जाताना पुढचा व्हिडिओ लावायला घरी कोणीतरी लागेल.

फोन स्वतःही वेळ मोजतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत २०१८ पासून ही सोय आहे. तो आकडा ॲपच्या आकड्याशी जुळणार नाही. खरा कुठला, असं विचारू नका. फोन मोजतो ते ॲप पडद्यावर किती वेळ होतं; ॲप मोजतं ते त्याला किती खुणा मिळाल्या. हे दोन प्रश्न आहेत, तेव्हा दोन उत्तरं आली तर नवल नाही.

आमच्या घरी आता एक साधी शंभर पानी वही आहे. बसताना वेळ लिहायची, उठताना लिहायची आणि मधे एक ओळ: काय सोडवलं, काय अडलं. ती ओळ पुस्तक मिटून लिहायची, हा एकच नियम. घरातल्या घड्याळावर २५ मिनिटांचा गजर लावतो. ही फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजराने सुरू केलेली पद्धत. पुतण्या म्हणाला, “काका, म्हणजे आपली एक घटकाच की.” एका मिनिटाचा फरक आहे, आणि यावरून आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधून ठेवलं होतं, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण नाव त्याला आवडलं. वहीत आता ‘आज ३ घटका’ असं लिहिलेलं असतं.

ही वहीसुद्धा चुकते. मुलं वाढवून लिहितात, कधी विसरतात, कधी आठवड्याची एकदम भरतात; मीही मस्टरवर तसंच करत आलो आहे. फरक इतकाच, की वहीत लिहिणारा आणि वाचणारा तोच आहे. त्या एका ओळीमुळे गेल्या महिन्यात त्याच्याच लक्षात आलं, की ‘घनता’ हा शब्द सहा दिवसांत चार वेळा ‘अडलं’ या रकान्यात आलाय. ॲपमध्ये तो धडा हिरव्या खुणेने ‘पूर्ण’ होता.

टाइम झोनची दुरुस्ती शाळेला कळवल्यावर पुढच्या रविवारपासून रिपोर्ट सरळ यायला लागला. सकाळी ६:०० ते ६:४५, अभ्यास. त्या वेळी पोरगा सोप्यावर असतो आणि वहिनी आत चहा टाकत असते, मधे फक्त एक उंबरठा. परवा मी मुक्कामाला होतो. सहाला तिने चहा टाकला, मोबाइल उघडून बघितला आणि मला म्हणाली, “हां, बसलाय.”